बॉबीनचे नऊ टाके

मास्तरीण बसल्या बसल्या झोपते. तोंडात टाचण्या धरून झोपणारी दुसरी बाई मी तरी पाहिलेली नाही. एकदा गणवेशाची बाही मशीनच्या सुईखाली, पाय पायडलवर आणि डोळे मिटलेले, अशी सापडली. मी ओरडले, "अगं, टाचण्या गिळशील!" तर डोळे न उघडता म्हणाली, "गिळल्या तर दवाखान्यात तरी झोपायला मिळेल, बाई."

आमच्या दोघींच्या परसांमध्ये कमरेएवढी विटांची भिंत आहे. तिचा नवरा कपड्यांच्या कारखान्यात कापणीचा मुख्य होता, म्हणून तो मास्तर आणि ती मास्तरीण. मी बत्तीस वर्षं शाळेत प्राणिशास्त्र शिकवलं, म्हणून मी बाई. तिला स्वतःचं नाव आहे, पण ते उच्चारणारं माणूस आता जवळपास कोणी उरलेलं नाही. मुलगी दूर, नोकरीच्या गावी. दर रविवारी फोन करून सांगते, "आई, स्वतःची काळजी घे हं." मुलांची ही नवी तऱ्हा आहे. काळजी घ्यायची नाही, घ्यायला सांगायची.

तीन वर्षांपूर्वी मास्तरांचं उजवं अंग गेलं. वाचाही गेली, पण सगळी नाही. आठ-दहा शब्द मागे राहिले. पाणी, पंखा, उशी, पाय, नको, आणि सगळ्यांत ठणठणीत राहिलेला शब्द म्हणजे "ए". सकाळी सहाला पहिला "ए" येतो आणि मग दिवसभर घड्याळाच्या टोल्यांसारखे येत राहतात, फक्त टोल्यांना निदान वेळ ठरलेली असते. कधी पाणी हवं असतं, कधी काहीच नको असतं, ती समोर आहे ना एवढंच बघायचं असतं. ती उठते, जाते, बघते, परत येते. कापड कापताना मधेच उठलं की कात्रीचा हात चुकतो. माप घेताना उठलं की गिऱ्हाईक कमरेला टेप गुंडाळून उभं राहतं. मी एकदा म्हटलं, "थोडं दुर्लक्ष कर." ती म्हणाली, "करून पाहिलं. खुर्चीतून खाली आले. मग उचलायलाही मीच."

त्यातून तिला वाचवलं ते एका कोंबडीने.

परसात तिच्या तीन कोंबड्या. त्यांतली तांबूस, पिल्लू असताना मशीनमधल्या दोऱ्याच्या बॉबीनसारखी स्वतःभोवती गरगर फिरायची, म्हणून तिचं नाव बॉबीन. मागच्या वर्षी एका दुपारी ही बया उघड्या दारातून आत शिरली आणि उडी मारून थेट मास्तरांच्या मांडीवर. मास्तरीण झाडू घेऊन धावली. पण मास्तरांचा डावा हात कोंबडीच्या पाठीवर गेला होता. त्या हाताने चाळीस वर्षं कापड चाचपलेलं, पोत बघितलेला, मखमलीची लव कुठल्या बाजूला बसते ते डोळे मिटून सांगितलेलं. तो हात पिसांवरून मानेकडून शेपटीकडे फिरला, पुन्हा मानेकडून शेपटीकडे. उलटा एकदाही नाही. कोंबडीने मान आत घेतली, मास्तरांची मान पुढे आली आणि दोघं पेंगले. त्या दिवसापासून दोन ते चार हे दोन तास मास्तरांकडून "ए" येत नाही. त्या दोन तासांत मास्तरीण कापड कापते, मापं घेते, डोक्यावरून अंघोळ करते. कधी नुसतीच झोपते. दिवसातले तिचे म्हणावेत असे तेवढेच दोन तास, आणि ते तिला तांबूस पिसांतून मिळालेले.

हे एवढं सविस्तर सांगितलं, कारण पुढे जे झालं ते माझ्यामुळे झालं.

माझ्या मुलाला कामासाठी महिनाभर बाहेर जायचं होतं. कुत्रा माझ्याकडे टाकून गेला. अंगाने वासराएवढा, बुद्धीने बेताचा. परसातून बाहेर पडायचं तर फाटकातूनच, भिंतीवरून उडी मारता येते हे त्याला कधी सुचलं नाही. माझ्या परसाच्या फाटकाची कडी वर उचलून आत ढकलावी लागते, नाहीतर लागल्यासारखी दिसते आणि लागत नाही. मला हे अठरा वर्षं माहीत आहे. त्या दिवशी दोन्ही हातांत ओल्या कपड्यांची बादली होती, म्हणून फाटक ढुंगणाने लोटलं आणि लागलं असं समजले. जेवण उरकून दीडच्या सुमाराला मी कपडे वाळत घालत होते, तेवढ्यात भिंतीपलीकडून जो आवाज आला तो लिहून सांगता येण्यासारखा नाही. मी पलीकडे पोचले तेव्हा कुत्र्याच्या तोंडात बॉबीन होती आणि परसभर पिसं. ओल्या टॉवेलने त्याच्या नाकावर सपासप हाणलं तेव्हा त्याने ती टाकली. वर माझ्याकडे असं बघितलं, जसं काही ती त्याने माझ्यासाठीच आणली होती.

मास्तरीण दारात उभी. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "बाई, त्याला बांधून या." मी कुत्र्याला बांधून परत आले तेव्हा तिने कोंबडीला पदराच्या टोकात गुंडाळलं होतं आणि ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

"पावणेदोन वाजले," ती म्हणाली. बस, एवढंच.

जखम वाईट होती. पाठीवरची तळहाताएवढी कातडी एका बाजूने फाटून पाकिटाच्या झाकणासारखी उघडी पडली होती आणि पंखाखाली दाताची दोन खोल भोकं. बाकीच्या दोन कोंबड्या लाल रंग बघून टोचायला धावत होत्या. सख्ख्या बहिणी म्हणायच्या! त्यांना हाकलून आम्ही दोघी आत आलो. मी जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला.

"किती पक्षी आहेत?" त्याने विचारलं.

"एक."

"एक म्हणजे? एकच?"

"एकच. कुत्र्याने धरली. जखमेला काय लावू?"

तो हसला. "आजी, एका कोंबडीला जखमेचं औषध नसतं. पातेलं असतं."

मी म्हटलं, "तुम्हाला शिकवलं कोणी ते सांगा, मला त्यांच्याशी बोलायचंय." त्याने फोन ठेवला.

तोवर मास्तरिणीने कापणीचं टेबल मोकळं केलं होतं. कोंबडीचं डोकं फडक्याखाली झाकलं, म्हणजे ती गप्प राहते. धारेची लहान कात्री घेऊन जखमेभोवतीची पिसं बुडापासून कापली, उपटली नाहीत. जंतुनाशकाच्या बोळ्याने एकदा पुसून घेतलं. सुई उकळत्या पाण्यात टाकली. मी कोंबडी धरून उभी. तिचं काळीज माझ्या बोटांखाली असं धडधडत होतं की ठोके मोजता येईनात.

"काय करतेस?" मी विचारलं.

"फाटलंय ना? मग शिवायचं."

मला माहीत होतं. दाताने झालेली जखम शिवून बंद करायची नसते, धुऊन धुऊन उघडी ठेवायची असते. आतली घाण आत राहिली की ती आतच शिजते. पाठ्यपुस्तकात नसेल, पण मला हे पक्कं माहीत होतं. मी तोंड उघडलं. "मास्तरीण, मला वाटतं हे उघडंच..."

तिने मान वर केली. "बाई, कुत्रा तुमचा होता."

माझं तोंड मिटलं. बत्तीस वर्षं वर्गात ज्या तोंडाने भल्याभल्यांना गप्प बसवलं ते तोंड एका वाक्यात मिटलं. आणि खरं सांगायचं तर दुसरंही एक कारण होतं. ती शिवायला लागली आणि मी बघत राहिले. अंगुस्तानाची टोपी बोटात, सुई तिरकी, प्रत्येक टाका दुसऱ्यापासून तंतोतंत तेवढाच लांब. कातडी कुठे चुरगळली नाही की ओढली गेली नाही. नऊ टाके. शेवटची गाठ तिने अशी मारली की दिसेना. असं काम बघताना चूक काढायला जीभ वळत नाही.

तिच्या शिवणीबद्दल गल्लीत एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. ती दुसऱ्यांचं काम उसवते, दिवसभर तेच करते, कोणाच्या पँटची कंबर सैल, कोणाची घट्ट. पण स्वतःचं कधी उसवत नाही. लग्न होऊन आली तेव्हा तिला सुईत दोराही ओवता येत नव्हता. मास्तरांनी शिकवलं. कसं? तर ती बाही लावायची, ते बघायचे, बाही तिच्या मांडीवर परत टाकायचे आणि म्हणायचे, "उसव." पहिली बाही अकरा वेळा उसवली. अकराव्या वेळी तिने मनाशी ठरवलं की पुन्हा या माणसाला हा शब्द बोलायची वेळ येऊ द्यायची नाही. सव्वीस वर्षं येऊ दिली नाही.

पुढचे दोन दिवस फार वाईट गेले. बॉबीन न्हाणीघरात पुठ्ठ्याच्या खोक्यात, खाली जुनी चादर. चमच्याने साखरपाणी दिलं तर दोन घोट घेई, दाण्याकडे बघत नसे. आणि दोन वाजले की मास्तर रिकाम्या मांडीकडे बघत आणि सुरू होत. "ए. ए. ए." भिंतीपलीकडे मला माझं वर्तमानपत्र वाचता येईना, तर तिचं काय झालं असेल! पहिल्या दुपारी तिने काळी कोंबडी आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. काळीने त्यांच्या सदऱ्याचं बटण टोचून काढलं, मांडीवर घाण केली आणि उडून गेली. दुसऱ्या दुपारी मी जाऊन बसले. म्हटलं, मी सोबत करते, तू काम कर. मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं चुकीच्या मापाच्या बटणाकडे बघावं.

"नको," ते म्हणाले.

"मला पिसं नाहीत, मास्तर, माझा नाइलाज आहे," मी म्हटलं. मास्तरीण आतल्या खोलीतून हसली. दोन दिवसांतलं तेवढंच हसू. पाच मिनिटांनी ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पोस्टमनची पँट होती, एक पाय दुसऱ्यापेक्षा दीड इंच आखूड कापलेला. ती पँटकडे बघत राहिली. "अशी चूक मी शिकतानासुद्धा केली नव्हती," ती म्हणाली आणि खाली फरशीवरच बसली. रडली नाही. रडायलाही अंगात काहीतरी शिल्लक लागतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी गेले तेव्हा न्हाणीघराच्या दारातच वास आला. गोडसर, कुजका. मी चादर बाजूला केली. नऊ टाक्यांखालची कातडी ढोलकीसारखी ताणलेली, कडा हिरवट. कोंबडी डोळे मिटून, मान खांद्यात.

"मरतेय," मास्तरीण मागून म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "मरायचीच असेल तर त्यांच्या मांडीवर मरू दे. मला तेवढ्यात शाळेचे पडदे कापून होतील. उद्या द्यायचेत."

हे ऐकून तुम्हाला ती कठोर वाटली असेल, तर तुम्ही कधी कोणाचं आजारपण काढलेलं नाही.

तिने कोंबडी उचलून मास्तरांच्या मांडीवर ठेवली आणि कात्री घेतली. मास्तरांचा डावा हात उठला, मानेवर टेकला, शेपटीकडे निघाला. मध्येच थांबला. बोट शिवणीवर आलं होतं. ते बोट पहिल्या टाक्यावरून दुसऱ्यावर गेलं, तिसऱ्यावर, असं करत शेवटच्या गाठीपर्यंत. मास्तरांचा चेहरा मी इतका जागा कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. त्यांनी फुगलेल्या जागी हलकंच दाबलं, बोटं नाकाशी नेली. मग मान वर केली आणि म्हणाले,

"उसव."

कात्री पडद्याच्या कापडात अर्ध्यावर थांबली.

"काय म्हणालात?"

"उसव."

हा शब्द त्यांच्या शिल्लक आठ-दहांत नव्हता. तीन वर्षांत मी तो ऐकला नव्हता, तिने तर सव्वीस वर्षांत. तिचा चेहरा लाल झाला. "शाबास!" ती म्हणाली. "पाणी मागायला दहादा ए ए करता. माझं नाव सांगता येत नाही. पण हे बरोब्बर आठवलं! जन्मभर याच शब्दाच्या धाकात शिवलं मी, उसव, उसव. मी तुमचं हगणं-मुतणं काढते, ते नाही कधी उसवावंसं वाटलं?" खूप काही बोलली. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मग डाव्या हाताने त्यांनी कोंबडी मांडीवर घट्ट धरली, तिची पाठ मास्तरिणीकडे करून. बाही धरून द्यावी तशी.

ती थांबली. खणातून उसवायचं पातं काढलं, चहाच्या पातेल्यात उकळून आणलं आणि खाली बसली.

पहिला टाका कापल्यावर काहीच झालं नाही. तिसऱ्याला जे बाहेर आलं त्याचं वर्णन मी करत नाही, तुमच्यापैकी कोणी जेवत असेल. त्यात एक पिसाचा पुंजका होता आणि मातीचा खडा, बोळ्याने एकदाच पुसलं तेव्हा आत राहिलेला. नऊच्या नऊ टाके कापून तिने दोऱ्याचे तुकडे चिमट्याने एकेक उचलले. कोंबडीने एकदाच पाय झाडला. मास्तरांचा हात हलला नाही.

मला राहवलं नाही. "मला माहीत होतं," मी म्हटलं. "शिवायचं नसतं हे मला तेव्हाच माहीत होतं. माझा कुत्रा, म्हणून बोलले नाही."

ती पाण्यात मीठ ढवळत होती. वर न बघता म्हणाली, "मला काल सकाळीच वास आला होता."

"मग?"

"मग काय? नऊ टाके होते हो, बाई. किती सुरेख आले होते."

मी तिच्या हातून चमचा घेतला आणि मीठ ढवळू लागले. 

दुसऱ्या दिवशी मी जनावरांच्या दवाखान्यात गेले. फोन केला नाही. बाहेरच्या बाकावर बसले आणि जो येईल त्याला सांगू लागले की हे डॉक्टर रुग्णाला पातेलं लिहून देतात, तुमच्या गाईला किती लिटरचं लागेल ते विचारून घ्या. वीस मिनिटांत डॉक्टर स्वतः बाहेर आला आणि कोंबडीचं वजन विचारून औषध दिलं. पाण्यातून किती द्यायचं तेही लिहून दिलं. माणूस वाईट नव्हता, आळशी होता.

मग रोज सकाळ-संध्याकाळ तेच. पाणी उकळायचं, मीठ टाकायचं, कोमट करायचं, बिनसुईच्या पिचकारीने जखमेच्या कोपऱ्यातून आत सोडायचं, निवळ पाणी बाहेर येईपर्यंत. धरायला मास्तर. मी धरायला गेले की "नको". माशा बसू नयेत म्हणून मास्तरिणीने पडद्याच्या उरलेल्या जाळीदार कापडाचं कोंबडीसाठी जाकीट शिवलं. टेपने माप घेऊन, पंखांना भोकं, पोटाखाली दोन नाड्या. "शिवायचंच होतं तर आधी हे शिवायचं होतं," ती म्हणाली. यात तिचा दिवसाचा आणखी एक तास गेला. म्हणजे दोन तास वाचवण्यासाठी तिसरा खर्ची. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गालांपर्यंत उतरली. मी सांगितलं, सकाळचं धुणं माझ्याकडे दे. ती म्हणाली, "तुम्ही नीट पिळत नाही." मग दिलं. नीट पिळत नाही असं रोज म्हणते, आणि रोज देते.

जखम उघडीच राहिली आणि कडांनी आत सरकत गेली, गुलाबी, पातळ, सायीसारखी. तीन आठवडे लागले. मधल्या काळात मुलगा येऊन कुत्रा घेऊन गेला. मी त्याला एवढंच सांगितलं की पुढच्या वेळी स्वतःची काळजी स्वतःबरोबर घेऊन जा. बॉबीनच्या पाठीवर पिसं आली नाहीत, एक पंख खाली लोंबतो, चालताना ती बोटीसारखी कलते. अंडं देत नाही. काळी तिला अजून टोचते, म्हणून ती बहुतेक घरातच असते.

काल दुपारी मी वर्तमानपत्र वाचत होते आणि माझ्या उशिरा लक्षात आलं की मी सलग चार पानं वाचली. घड्याळ बघितलं. अडीच. पलीकडे चिडीचूप. मी उठून गेले.

मास्तर खुर्चीत पेंगत होते. मांडीवर जाकीट घातलेली कोंबडी, जाकिटाच्या शिवणीवर त्यांचं बोट. मास्तरीण टेबलाशी, समोर कोणाचा तरी सदरा पसरलेला, कात्री उघडी, गाल कापडावर, आणि ओठांत चार टाचण्या. मी एकेक हळूच काढून डबीत टाकल्या. तिने ओठ मिटले, जागी झाली नाही.

तेवढ्यात दारात पोस्टमन. "पँट झाली का हो? दुसरी कापून देते म्हणाल्या होत्या. मास्तरीण आहेत?"

"नाहीत. बाहेर गेल्यात."

त्याने माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. टेबल दारासमोरच आहे. "अहो बाई, त्या तर तिथे..."

"मी सांगतेय ना, बाहेर गेल्यात," मी म्हटलं आणि दार लोटून घेतलं. "चार वाजून गेल्यावर या."